दोन भिंतींचं घर, चार भिंतींचं घर

माझ्या माहेरच्या घराला भिंती चार, सासरच्या घराला दोन. १९७५ साली लग्न होऊन आगाशीला आले तेव्हा हा हिशेब काही ध्यानात आला नव्हता. घर चांगलं लांबलचक, पुढे रस्त्याला लागून ओटा, मागे विहिरीपर्यंत परस. पण उजवीकडची भिंत आमची आणि शेजाऱ्यांची मिळून, डावीकडचीही तशीच. निव्वळ आमच्या म्हणाव्यात अशा दोनच, पुढची आणि मागची. पहिल्याच आठवड्यात मी कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला घेतला, तर सासूबाई माजघरातून ओरडल्या, "अगं, आधी पलीकडे आवाज दे! त्यांचं फडताळ असेल तिथं." मला गंमत वाटली. माहेरी आमच्या भिंतीपलीकडे केळी होत्या, आणि केळींना विचारून कोणी खिळे ठोकत नाही.

हे आत्ताच आठवायचं कारण माझी भाची. नालासोपाऱ्यात पाचव्या मजल्यावर वन-बीएचके, मुलगी तीन वर्षांची, नवरा-बायको दोघंही सकाळी सातच्या आत लोकलला लटकणारी. आता जरा मोठं घर हवंय, जमिनीवरचं, पोरीला पाय मातीत टेकवता येतील असं. दोन जागा हेरून ठेवल्यात. एक बोळिंजकडचं रो-हाऊस, ओळीतलं सातवं. दुसरा नंदाखालच्या बाजूचा छोटासा बंगला, चारी बाजूंनी मोकळा. मला म्हणाली, "मावशी, तू दोन्हींत राहिलीयस. तूच सांग." चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला असा प्रश्न विचारू नये. ती उत्तर द्यायचं सोडून सनावळी सुरू करते.

तर सनावळी. ओळीतलं घर आपल्याकडे बिल्डरांनी आणलं असं वाटतं, पण ते चारशे वर्षांहून जुनं आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांनी खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधला. आपण आज ज्याला किल्ला म्हणतो ते खरं तर तटबंदीतलं एक अख्खं शहर होतं, सुमारे ११० एकरांचं. तटाच्या आत जागा मोजकी, त्यामुळे श्रीमंतांचीही घरं वर चढली. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७५ मध्ये वसईत येऊन गेला. दुमजली घरं, छपराखालचे सज्जे आणि काचांऐवजी शिंपल्यांच्या पातळ तुकड्यांची तावदानं लावलेल्या खिडक्या यांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय. तटाच्या आत रात्री फक्त ख्रिस्ती राहत, वाणी-उदमी दिवसभर धंदा करून संध्याकाळी बाहेर पडत, असंही तो नोंदवतो. मी मुलांची सहल घेऊन दरवर्षी किल्ल्यात जायची. चर्चच्या कमानी पाहून झाल्या की मुलांना वाटायचं, संपलं. मग मी त्यांना झाडोऱ्यात न्यायची, पडक्या भिंतींपाशी, आणि विचारायची, ही भिंत कुणाची? ह्या घराची की त्या घराची? दोन्हीकडून हात लावून बघा. एखादा चुणचुणीत पोरगा म्हणायचा, "बाई, दोघांची!" तेवढ्यासाठी सहल वसूल.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, गावाचं नाव काही काळ बाजीपूर झालं, आणि किल्ल्यातली घरं हळूहळू रिकामी होत गेली. दगड-लाकूड जे नेता आलं ते लोकांनी नेलं. जुनी घरं म्हणजे दगडांच्या खाणीच असतात.

किल्ल्याला लागूनच पाचूबंदर आणि किल्लाबंदर, आमच्या बाजूला अर्नाळा. ही कोळीवाड्यांची गावं म्हणजे ओळीच्या घरांची दुसरी शाळा. तिथली घरं एकमेकांना इतकी खेटून की एकीच्या चुलीचा धूर दुसरीच्या डोळ्यात. ती तशी का? किनाऱ्यावर जागा नव्हती म्हणून नव्हे. जागा होती, पण ती बोंबील वाळवायच्या वलांडींसाठी राखलेली होती, जाळी पसरायला, होड्या ओढून ठेवायला राखलेली होती. कोळ्याचं शेत समुद्रात. घर म्हणजे निजायची आणि मीठ-मसाला ठेवायची जागा, आणि बंदरापासून जितकी जवळ तितकी बरी. वादळी रात्री पुरुष समुद्रात असले की बायकांना एकटीनं घरात बसणं अवघड. भिंतीपलीकडे दुसरी जागी आहे हे कळलं तरी पुरतं. हे मला एका विद्यार्थिनीच्या आजीनं सांगितलं होतं, बोंबील निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

आमची आगाशी तर बाजाराचं आणि देवळांचं गाव. पोर्तुगीजांनी ती १५३० आणि १५३१ अशी दोनदा जाळून लुटली, कारण इथं जहाजं बांधायचं लाकूड होतं आणि बंदरात माल होता. ओळीच्या घरांचा खरा शत्रू आग. एक पेटलं की झापांची छपरं एकामागोमाग एक पेटत जातात. लंडनला १६६६ मध्ये शहराचा मोठा भाग असाच गेला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा केला की घरं विटांची किंवा दगडांची हवीत, दोन घरांमधली भिंत ठरल्या जाडीची हवी. आपल्याकडे असा कायदा कोणी केला नाही, पण मंगळुरी कौलानं ते काम निम्मं केलं. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला, आणि पुढच्या काळात आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतून झापं आणि नळीची कौलं मागे पडत गेली. आमच्या घराच्या कौलांच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा शिक्का होता. शाकारणीच्या वेळी कौल खाली आलं की मी तो बोटानं पुसून वाचायची.

शाकारणी ही आळीची. घराची नव्हे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तीन-चार माणसं एका टोकानं चढायची आणि दुसऱ्या टोकाला उतरायची, कारण आढं सगळ्यांचं एका रेषेत. फुटकी कौलं काढायची, वासे ठोकून बघायचे, उंदरांची घरटी खाली फेकायची. एका वर्षी एकानं खर्च वाचवायला आपल्या पाख्यावरची शाकारणी टाळली. जूनमध्ये पाणी त्याच्या घरात पडलं नाही, आमच्या माजघरात पडलं. सामाईक भिंतीच्या डोक्यावरून झिरपत झिरपत बरोबर आमच्या देवघरावर. सासरे गेले आणि त्याच्या ओट्यावर बसून राहिले. भांडले नाहीत, नुसते बसले. दुपारपर्यंत माणूस छपरावर होता.

त्या भिंतीबद्दल थोडं सांगते, कारण भाचीला रो-हाऊसच्या माहितीपत्रकात ते कोणी सांगणार नाही. आमची उजवीकडची भिंत भाजक्या विटांची, दीड हात जाड. दोन्ही घरांच्या तुळया तिच्यातच टेकलेल्या. आमच्या स्वयंपाकघरात तिच्यात एक कोनाडा होता, दिव्याचा. पलीकडे त्यांच्याही स्वयंपाकघरात कोनाडा, आणि गवंड्यानं काय केलं कोण जाणे, दोन्ही कोनाडे पाठीला पाठ लावून आले होते. मधे उरलेली वीट एकच. त्या विटेवर बत्त्यानं ठोकलं की पलीकडच्या काकू "काय गं?" म्हणायच्या, अगदी कानाशी बोलल्यासारख्या. विरजण, अर्धी वाटी साखर, "गाडी चुकली, मुलांना जेवायला घाल" असे सगळे निरोप तिथून. माझ्या धाकट्याच्या वेळी कळा रात्री दोनला सुरू झाल्या. हे कामावर, सासरे गाढ झोपेत, सासूबाई बहिणीकडे. मी उठूही शकत नव्हते. हात लांब करून कोनाड्यात वाटी आपटली. काकू मागच्या दारानं आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर धुतलेलं लुगडं होतं. इतक्या रात्री त्या लुगडं कधी बदलून आल्या ह्याचं मला अजून कोडं आहे.

पण हेही सांगायला हवं की त्याच भिंतीतून त्यांना आमची प्रत्येक कुरबूर ऐकू जायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर ती वाचता यायची. नव्या लग्नाच्या नवरा-बायकोनं त्या घरात मोठ्यानं हसायचंसुद्धा जरा विचार करून.

माहेर माझं निर्मळच्या पुढे, वाडीत. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा लागते तेव्हाच काय ती आमच्याकडे माणसांची गर्दी. एरवी शेजारचं घर म्हणजे हाक मारली तर ऐकू न येणारं. घर कुडाचं होतं ते आजोबांनी विटांचं केलं. ओटी, पडवी, माजघर, वर पोटमाळा, आणि भोवती केळी, पानवेली, जास्वंद, थोडी भाजी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून आई सुकेळी करायची. वाळत घातलेल्या केळ्यांना राखण लागायची ती आम्हां पोरींची. घराच्या मागे विहीर, विहिरीवर रहाट, आणि वाडीच्या एका कडेला बावखल.

बावखल हा शब्द वसईबाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. वाडीत खणलेलं छोटं तळं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं. आमच्या घराचं जोतं तीन फूट उंच होतं आणि ती माती त्या बावखलातूनच निघालेली, असं आजोबा सांगायचे. खणलेला खड्डा पाणी धरायला, निघालेली माती घर वर उचलायला. वसईचा हा पश्चिमेचा पट्टा रेताड. ह्या रेतीत पावसाचं गोडं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, दुधावर साय असावी तसं. साय अलगद काढली तर रोज मिळते. पळी खोल घातली की दूध वर येतं. रहाट हे अलगद काढणं होतं. रेडा गोल फिरायचा, गाडगी वर यायची, पाणी पाटातून केळींच्या आळ्यांत जायचं. रेडा थकला की उपसा थांबला. रात्रभर विहीर भरून यायची. बावखल वरून तिला पाणी देत राहायचं. एका विहिरीवर एका दिवसात भिजेल तेवढीच वाडी, आणि त्या वाडीवर पोसेल तेवढंच घर. म्हणून आमचं घर एकटं होतं. दोन घरांमधलं अंतर रहाटानं ठरवलं होतं, कुणाच्या एकांताच्या हौसेनं नव्हे.

हे मला फार उशिरा उमगलं. लहानपणी वाटायचं, आम्ही मोकळ्या घरातले म्हणजे जरा वरचे, आणि आगाशीच्या आळीतले बिचारे कोंडलेले. लग्न होऊन आले तीही थोडी तोऱ्यातच. आता वाटतं, वाडीतलं एकटं घर हे वाडीचं अवजार होतं, विळा-कोयत्यासारखं. वडील पहाटे तीनला उठून पानं खुडायचे, आई फुलांची टोपली घेऊन पहिल्या गाडीनं दादरला. घर वाडीत नसतं तर हे जमलंच नसतं. आणि ज्यांचं पोट घराबाहेर, म्हणजे समुद्रात, दुकानात, देवळात किंवा कचेरीत, ते ओळीत राहिले. त्यांना जमीन लागत नव्हती, माणसं लागत होती. भाची आणि जावई दोघंही अंधेरी-गोरेगावला जाऊन पोट भरतात. ह्या न्यायानं ते कोळी झाले. त्यांचा समुद्र सात वाजून काही मिनिटांनी विरारहून सुटतो.

तो समुद्र आला कसा तेही सांगते. १८६४ मध्ये लोहमार्ग वसईवरून थेट मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत गेला, १८६७ मध्ये विरारहून मुंबईला रोज एक गाडी सुरू झाली, आणि १९३६ मध्ये बोरिवली ते विरार विजेची गाडी धावू लागली. इतकी वर्षं ह्या गाडीनं आमचं दूध, फुलं, भाजी, पानं मुंबईला नेली. १९८० नंतर ती उलट्या दिशेनं भरून यायला लागली, माणसांनी. रहाट तोवर गेलेच होते, विहिरींवर इंजिनं आणि मग विजेचे पंप बसले होते. नव्या इमारतींना पाणी नव्हतं, आणि आमच्या पट्ट्यात विहिरींना तळ दिसत नव्हता असं सगळ्यांना वाटत होतं. मग टँकर आले. रात्री अकराला विहिरीवर पंप लागायचा तो पहाटेपर्यंत. पळी खोल गेली. आमच्या माहेरच्या विहिरीचं पाणी चहात कळायला लागलं ते १९८६-८७ च्या उन्हाळ्यात. आई म्हणाली, "दूध फाटलंय." दूध फाटलं नव्हतं.

पुढचं वसईकरांना पाठ आहे. बांधकामांना जमीन मोकळी होत गेली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, टँकर आणि पाणीउपसा यांच्याविरुद्ध बायकासुद्धा रस्त्यावर उतरल्या. १९९० मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं. हेच दिब्रिटो पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या मोर्चात मी होते, शाळेची रजा टाकून. माझी आईही होती, आणि तिला मोर्चापेक्षा त्यात किती ओळखीच्या बायका भेटल्या ह्याचंच कौतुक. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार निघाली, आणि १ ऑगस्ट २०१४ ला आमचा जिल्हा ठाण्याचा पालघर झाला. एवढ्यात मी मात्र त्याच घरात.

आता बंगला. हा शब्द बंगालचा, मुळात तिकडचं गवती छपराचं साधं बैठं घर. इंग्रज साहेबांनी ते उचललं, भोवती आवार घातलं, दारात शिपाई उभा केला, आणि झोपडं साहेबाचं झालं. आपल्या मनात बंगल्याला जो रुबाब आहे तो घराचा नाही, त्या आवाराचा आहे. माझ्या माहेरचं आवार कसं गेलं ते सांगते. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर नावं चढली आठ. काकांनी आपला वाटा विकला, आत्यांनी हक्कसोड दिलं, एका चुलतभावानं दिलं नाही. पाणी मचूळ झाल्यावर केळी खुरटल्या आणि वाडीवर पोट भरेना. बावखलात आधी राडारोडा पडला, मग ते दिसेनासं झालं. आज त्या जागी तीन बंगले आहेत, एक माझ्या भावाचा. तीनही सुटे, चारी बाजूंनी मोकळे. मोकळे म्हणजे मधे माणूस तिरका होऊन जाईल इतके. भावाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांचा टीव्ही दिसतो, म्हणून त्यानं ती खिडकी कायमची पडद्याआड केली. भिंती मात्र चार, स्वतःच्या. रंग चारही बाजूंनी काढावा लागतो, ओल चारही बाजूंनी येते, आणि सेप्टिक टँक आणि बोअर ह्यांच्यात किती अंतर आहे हे त्याला विचारलं की तो विषय बदलतो.

२०१८ च्या जुलैत पाणी भरलं तेव्हाची गोष्ट. मिठागराच्या वस्तीतली माणसं पाण्यात अडकली होती, नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, गाड्या बंद. भावाच्या बंगल्यात गुडघाभर पाणी, सोफा तरंगत होता. जुन्या घरात हे कधी झालं नव्हतं, कारण जोतं तीन फूट होतं आणि शेजारी पाण्याला जायला बावखल होतं. बंगला बांधताना जोतं दीड फुटावर आलं आणि मग दर दोन-चार वर्षांनी रस्ता वर चढत गेला. भावाला फोनवर मी म्हटलं, "आजोबांनी माती कशाला उचलली होती?" तो म्हणाला, "ताई, आत्ता नको."

आणि आमच्या सासरच्या भिंतीचं काय झालं, ते. उजवीकडच्या काकू गेल्या, मुलांनी घर पाडायला दिलं. पाडायच्या आधी कोणी आमच्या कोनाड्यावर ठोकलं नाही. एका सकाळी मी परसात गेले तर काकूंचं अख्खं घर नाहीसं, आणि आमची भिंत उघडी पडलेली, बाहेरच्या बाजूनं. तिच्यावर त्यांच्या घरातले रंग तसेच. खाली स्वयंपाकघराचा निळा, त्यावर धुराची काळी जीभ, वर माळ्याचा पांढरा चुना. त्यांच्या तुळयांची चौकोनी भोकं रांगेनं. कॅलेंडरचा खिळा. आणि दिव्याचा कोनाडा, तेलाचा डाग असलेला, जो मी पन्नास वर्षांत पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या बाजूनं तो मी रोज ऐकलेला, त्यांच्या बाजूनं आत्ता दिसला. ती भिंत आतली म्हणून बांधलेली, पावसाची सवय नाही. पहिल्याच पावसात तिनं इतकं पाणी प्यायलं की आमच्या माजघराचा गिलावा ढेपसा होऊन पडला. आता तिला बाहेरून पत्रे ठोकलेत. वारा दर्याकडून आला की ते वाजतात.

भाचीला एवढं सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे रो-हाऊस नको?" मी म्हटलं, तसं कुठे म्हटलं? चल, बघून येऊ. पण एक अट, पाऊस पडताना जायचं. उन्हात घरं कोणीही विकतं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो, पोरीलाही घेतलं. बोळिंजचं रो-हाऊस नीटनेटकं. मी पायऱ्या मोजल्या, सामाईक भिंतीला खाली जमिनीजवळ तळहात लावला. कोरडी होती. दलाल माझ्याकडे बघत होता, म्हातारी भिंतीला का गोंजारतेय. मी विचारलं, "पलीकडे कोण राहतं?" तो म्हणाला, "कोणी नाही, मॅडम. इन्व्हेस्टमेंटचं आहे." आणि त्याच्या पलीकडे? तिथंही कुलूप. चौदा घरांच्या ओळीत मी नऊ कुलपं मोजली. एका दारात पाण्याच्या बिलाचे कागद भिजून लगदा झाले होते. सामाईक भिंत आहे, पण वाटी आपटून येणार कोण?

नंदाखालचा बंगला लहान, जोतं दोन फुटांचं, थोडं बरं. मागे विहीर, पण ती शेजाऱ्यांबरोबर अर्ध्या-अर्ध्या हक्काची. भाचीचा चेहरा पडला. माझा खुलला. आम्ही विहिरीत वाकून बघत होतो तेवढ्यात कुंपणापलीकडून लाल लुगड्यातली एक म्हातारी आली, हातात छत्री, आणि घराचं काही न विचारता मलाच म्हणाली, "कुणाची गं तू?" मी माहेर सांगितलं, निर्मळपुढची वाडी सांगितली. तिनं मान हलवली, माझ्या आईला ती पहिल्या गाडीत फुलं घेऊन जाताना बघायची. मग कुठलं कुणाचं लग्न, कोण वारलं, कोण वसईला गेलं, हे सगळं पावसात. जावई घड्याळ बघत होता.

"पाणी कसं आहे विहिरीचं?" मी शेवटी विचारलं.

ती आत जाऊन तांब्या घेऊन आली. भाचीनं आधी घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, पोरीनं थुंकून टाकलं. मी तांब्या हातात घेतला. मचूळ होतं, पण थोडंच. मी अजून एक घोट घेतला.